मुंबईबाहेरचा एक दिवस



शनिवारची संध्याकाळ झाली कीं मुंबईंतील पुष्कळ घरांत एक प्रश्न निघतो : उद्यां जावयाचें कोठें? मुलांना डोंगर हवा असतो. वडीलधाऱ्यांना देवदर्शन हवें असतें. कर्त्या पुरुषाला खर्च बेताचा हवा असतो. आणि पहांटे चार वाजतां उठून पोळ्या लाटणें जिच्या वांट्यास येणार, त्या गृहिणीला रात्रीं वेळेवर घरीं पोंचावयाचें असतें. तिला फारसें कोणी विचारीत नाहीं, ही गोष्ट निराळी. मग मैल मोजले जातात. अमुक ठिकाण पन्नास मैल, म्हणजे लांब; तमुक पंधरा मैल, म्हणजे जवळ. पण हा हिशेब फसवा आहे. लोणावळें मुंबईहून ऐंशी मैलांवर आहे आणि तरी तेथें जाऊन त्याच रात्रीं घरीं जेवावयास येतां येतें. उलट त्याच्या निम्म्या अंतरावरचीं कित्येक खेडीं अशीं आहेत कीं, तेथें गेलेल्यास मुक्काम करण्यावांचून गत्यंतर नसतें. एका दिवसाच्या सहलीचें माप परतीच्या शेवटच्या गाडीनें ठरतें.

सहलीच्या ठिकाणांची यादी मी आज आपणांस देणार नाहीं. तशा याद्या पावसाळ्याच्या तोंडावर वृत्तपत्रांत दरवर्षीं येतात. मला सांगावयाचें आहे तें असें कीं, मुंबईच्या मनुष्यानें सकाळीं निघून रात्रीं परत यावें अशीं जीं ठिकाणें आज आहेत, त्यांपैकीं बरींचशीं दोन हजार वर्षांपूर्वींच ठरून गेलेलीं आहेत. तीं कोणीं ठरविलीं हें ध्यानांत आलें म्हणजे निवड करणें पुष्कळच सोपें होतें.

सहलीला गाडीच्याहि आधीं एक मोकळा दिवस लागतो. हा दिवस मुंबईकरांस कोणीं दिला? सरकारी कचेऱ्या व विलायती पेढ्या यांतील कारकून मंडळींना रविवार मिळत असे, तो साहेबाच्या धर्मामुळें. गिरण्यांतील हजारों स्त्री-पुरुषांना मात्र आठवड्याची ठराविक सुटी म्हणून नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून या प्रश्नावर कामगारांस एकत्र आणलें, सह्यांचे अर्ज पाठविले, 'दीनबंधु' पत्रांतून लिहिलें. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीजवळच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेंत दोन कामकरी स्त्रियाहि बोलल्या. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं आठवड्याची सुटी मान्य केली. आज ज्याला आपण सहजपणें रविवार म्हणतों, त्यामागें ही हकीकत आहे. आणि मला वाटतें, मुंबईच्या सहलींचा इतिहास लिहावयाचा झाला तर त्याचें पहिलें पान घाटांतल्या धबधब्यास न देतां या सभेस द्यावें लागेल.

आतां गाडी. १६ एप्रिल १८५३ रोजीं दुपारीं साडेतीनच्या सुमारास बोरीबंदराहून ठाण्याकडे निघालेली पहिली गाडी सर्वांस ठाऊक आहे. चौदा डबे, सुमारें चारशें निमंत्रित पाहुणे, एकवीस मैलांचा मार्ग. हीसुद्धां एका अर्थानें सहलच होती, कारण त्या पाहुण्यांपैकीं बहुतेकांचें ठाण्यास कांहीं काम नव्हतें! दुसऱ्या वर्षीं रूळ कल्याणास गेले. पश्चिमेकडच्या लोहमार्गावर १२ एप्रिल १८६७ पासून विरार व मुंबई यांच्या दरम्यान रोज एक गाडी धांवूं लागली. ती सकाळीं विरारहून निघे आणि संध्याकाळीं तिकडे परत जाई. या वेळापत्रकाकडे जरा बारकाईनें पाहावें. गांवच्या मनुष्यानें सकाळीं शहरांत येऊन काम उरकावें व दिवेलागणीस घरीं जावें, अशी ती योजना होती. शहरच्या मनुष्यानें सकाळीं गांवाकडे जावें आणि संध्याकाळीं शहरांत परतावें, ही कल्पना वेळापत्रक आंखणाराच्या डोक्यांत शिरलेलीच नव्हती. सहलीची दिशा कामाच्या दिशेच्या बरोबर उलट असते, आणि रेल्वेच्या आरंभींच्या काळांत वेळापत्रक सर्वस्वीं कामाचें होतें.

हें चित्र पालटलें विजेच्या गाड्यांनीं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं कुर्ल्यापर्यंत पहिली विजेची गाडी धांवली. १९२८ च्या जानेवारींत ती सोय बोरिवलीपर्यंत झाली. १९३० च्या सुमारास पुण्यापर्यंत विजेचे खांब उभे राहिले. एक गाडी चुकली तर थोड्या वेळानें दुसरी येते, ही खात्री पटल्यावर बायकामुलांना घेऊन घराबाहेर पडण्याची भीति गेली. शहरांतल्या शहरांत ट्राम व बस होतीच. घोड्यांची ट्राम १८७४ सालीं, विजेची १९०७ सालीं आणि बस १९२६ सालीं सुरू झाली. ट्राम १९६४ सालीं गेली, बस राहिली.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. हे रूळ जेथून गेले तेथूनच कां गेले? मुंबईच्या पूर्वेस सह्याद्रीची भिंत उभी आहे. ती ओलांडून देशावर जाण्यास चढाच्या सोईच्या जागा फार थोड्या. इंग्रज इंजिनियर येण्यापूर्वीं कित्येक शतकें बैलांच्या तांड्यांनीं त्या जागा शोधून ठेविल्या होत्या. समुद्रावर सोपारा, कल्याण व चौल हीं बंदरें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक दर्यावर्दीच्या प्रवासवृत्तांत या तिहींचीं नांवें आलेलीं आहेत. या बंदरांतून माल घाटांच्या तोंडाशीं जाई आणि वर चढून जुन्नर, पैठण, नाशिक येथें पोंचे. व्यापारी जेथें थांबत तेथें भिक्षूंचे विहार होत, कारण भिक्षूंना दाता हवा आणि तांड्याला पावसांत निवारा हवा. पुढें रेल्वेनें त्यांपैकींच दोन घाट उचलले. म्हणून आपण खिडकींत बसून जातों त्या वाटेच्या दोहों अंगांस लेण्यांची रांग लागलेली आहे. हा योगायोग नव्हे. दोघांनाहि डोंगरानें एकच उत्तर दिलें, इतकेंच.

या दृष्टीनें पाहतां पहिली सहल मी सोपाऱ्याची सांगेन. नांव ऐकून कित्येकांस हंसूं येईल! नालासोपारा म्हणजे गर्दी, इमारतींची दाटी, सकाळची रेटारेटी. परंतु स्टेशनावर उतरून पश्चिमेकडे जुन्या सोपारा गांवाच्या बाजूस गेलें म्हणजे झाडांच्या सावलींत विटांचा एक मोठा उंचवटा दिसतो. गांवकरी त्यास बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ च्या एप्रिलांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तो खणला. मध्यभागीं दगडी पेटी लागली. तींत तांब्याचा करंडक, त्यांत रुप्याचा, त्यांत दगडाचा, त्यांत स्फटिकाचा आणि सर्वांच्या आंत सोन्याचा. सोन्याच्या करंडकांत काय असावें? मातीच्या भांड्याचीं लहान लहान खापरें. बुद्धाच्या भिक्षापात्राचे ते तुकडे म्हणून पुजले गेले असावेत, असा पंडितजींचा तर्क होता. करंडकाभोंवतीं आठ ब्राँझच्या मूर्ति वर्तुळांत मांडलेल्या होत्या. या वस्तु मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आल्या.

त्याच वर्षीं सोपाऱ्यास अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडाहि मिळाला, आणि आजच्या विषयास तो फारच जवळचा आहे. हा तुकडा आठव्या लेखाचा. त्या लेखांत अशोक सांगतो कीं, पूर्वींचे राजे विहारयात्रा करीत, म्हणजे शिकार आणि करमणूक यांसाठीं फिरत. आपण मात्र अभिषेकानंतर दहा वर्षांनीं बोधिस्थानीं गेलों आणि तेव्हांपासून धर्मयात्रा सुरू झाली. श्रमणब्राह्मणांची भेट, वृद्धांना दान, गांवोगांवच्या लोकांशीं बोलणें, असें त्या यात्रेचें स्वरूप तो वर्णितो. बावीसशें वर्षांपूर्वींच्या या बंदरांत, जेथें परदेशचे खलाशी उतरत आणि व्यापारी घाटाकडे निघत, तेथें एका राजानें प्रवास कशासाठीं करावा याविषयीं आपलें मत दगडावर कोरून ठेवलें! मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांत तो दगड पाहावा आणि मग सोपाऱ्यास जावें. मुलांस बरोबर न्यावें. पुस्तकांतला अशोक घरापासून एका लोकलगाडीच्या अंतरावर आहे, हें त्यांस कळलेलें बरें.

सोपारा आणि कल्याण यांच्या मध्यें कान्हेरीचा डोंगर आहे. बोरिवलीस उतरून पूर्वेकडे राष्ट्रीय उद्यानाच्या दरवाज्यापर्यंत पायीं जातां येतें, आणि तेथून लेणीं तीन-साडेतीन मैल आंत आहेत. सोमवारीं लेणीं बंद असतात, हें अगोदर ध्यानांत ठेवावें. येथें शंभराहून अधिक लेणीं आहेत. बहुतेक लेण्यांच्या दाराशीं पाण्याचें टांकें आहे. डोंगरावरचा पाऊस चरांतून खेळवून या टांक्यांत आणलेला दिसतो. घाईनें हिंडणारा मनुष्य मोठें चैत्यगृह पाहून परततो. माझ्या मतें पाण्याची ही व्यवस्था पाहिल्यावांचून कान्हेरी पाहिली असें म्हणतां येणार नाहीं. भिंतींवरचे लेख दात्यांचीं नांवें सांगतात : कल्याणचे सोनार व लोहार, सोपाऱ्याचे जवाहिरे, नाशिकचे, पैठणचे लोक. कोणी टांकें खोदून दिलें, कोणी बसावयास दगडी ओटा, कोणी पावसाळ्यांतील भिक्षूंच्या वस्त्रांसाठीं कायमची ठेव. राजांच्या मानानें कारागीर व व्यापारी यांचीच येथें चलती दिसते.

आणि आणखी एक. नव्वदाव्या लेण्यांत पहलवी लिपींत कांहीं मजकूर कोरलेला आहे. त्यांत १००९ आणि १०२१ या सालांचे दिवस येतात आणि त्यांखालीं झरतुष्ट्रीय स्त्रीपुरुषांचीं नव्हेत, तर पुरुषांचीं नांवें ओळीनें येतात : अमुक, अमुकाचा पुत्र. ही मंडळी येथें दान द्यावयास आली नव्हती. लेणीं पाहावयास आली, आणि आपण येऊन गेल्याची नोंद करून गेली. ऐतिहासिक वास्तूंवर नांवें खरडणाऱ्या आजच्या तरुणांवर आपण रागावतों, आणि तें योग्यच आहे. परंतु हजार वर्षांपूर्वींच्या या सहलकऱ्यांनीं तारखा घालून नांवें कोरलीं नसतीं, तर या किनाऱ्यावरील त्या समाजाच्या इतिहासाचा एक मोलाचा पुरावा नाहींसा झाला असता, हेंहि खरें.

आतां घाटाकडे. रूळ १८५६ सालीं बोरघाटाच्या पायथ्याशीं पोंचले. वरच्या अंगास खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत १८५८ सालीं गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र उतारूंना पालखींत, तट्टावर किंवा बैलगाडींतून चढावा लागे. पांच वर्षें ही स्थिति होती. घाटांतला लोहमार्ग १८६३ सालीं उघडला : पंधरा-सोळा मैलांत अठराशें फुटांहून अधिक चढ आणि पंचवीस बोगदे. मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली यांचें नांव पुस्तकांतून येतें. सॉलोमन ट्रेडवेल हा ठेकेदार १८५९ सालीं आला आणि थोड्याच दिवसांत वारला. तेव्हां त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिनें ठेका आपल्या नांवें घेऊन काम तडीस नेलें. एका वेळीं चाळीस हजारांहून अधिक मजूर या घाटांत राबत होते. पटकीनें, तापानें, सुरुंगांनीं आणि कड्यांवरून पडून त्यांतील किती मेले याची नांवनिशी कोठेंहि कोरलेली नाहीं. कान्हेरीस टांकें खोदून देणाऱ्या लोहाराचें नांव आपणांस वाचतां येतें. बोगदा खोदणाऱ्याचें येत नाहीं. गाडी बोगद्यांत शिरली कीं मुलें ओरडतात. ओरडूं द्यावीं. बाहेर आल्यावर त्यांस ही गोष्ट सांगावी.

घाट चढून लोणावळ्यास आल्यावर मुंबईची मंडळी चिक्कीच्या दुकानांकडे वळतात आणि तेथेंच दिवस संपतो. त्यापेक्षां पुण्याकडे जाणाऱ्या लोकलगाडीनें पुढच्या मळवली स्टेशनावर उतरावें. दक्षिणेस भाजें, उत्तरेस कार्लें. दोन्हीं लेणीं बोरघाटाच्या तोंडावर, व्यापाऱ्यांच्या वाटेच्या दोहों बाजूंस आहेत. भाजें जुनें, इसवी सनापूर्वींचें. कार्लें त्या मानानें अर्वाचीन, पण तेंहि सुमारें एकोणीसशें वर्षांचें. कार्ल्याचें चैत्यगृह सव्वाशें फूट लांब आहे आणि त्याच्या छताला लांकडाच्या कमानी आहेत. दगडाच्या छताला लांकडाचा काय उपयोग? कांहीं नाहीं. पूर्वीं अशीं गृहें लांकडाचीं बांधीत, आणि दगडांत कोरूं लागल्यावरहि जुनी संवय सुटेना. त्या फळ्या अजून जागेवर आहेत. वैजयंती येथील भूतपाल नांवाच्या श्रेष्ठीनें तेथें कोरविलें आहे कीं, हें शैलगृह जंबुद्वीपांत सर्वोत्तम आहे. जाहिरातीची कला आपल्याकडे नवीन आहे असें समजणाऱ्यांनीं तो लेख पाहावा. मात्र या ठिकाणीं जाहिरात खरी आहे.

चैत्याच्या अगदीं दाराशीं एकवीरा देवीचें देऊळ आहे. मुंबईच्या कोळी व आगरी समाजांचें तें कुलदैवत, आणि चैत्रांत तेथें मोठी यात्रा भरते. ज्यांना लेणीं पाहावयाचीं आहेत त्यांनीं यात्रेचे दिवस टाळावे, ज्यांना माणसें पाहावयाचीं आहेत त्यांनीं तेच दिवस धरावे. आरंभीं सांगितलेल्या घरांतील डोंगर मागणारीं मुलें आणि देव मागणारे आजोबा यांचा तंटा येथें आपोआप मिटतो. भाजें आणि कार्लें मिळून एक दिवस पुरतो. वर लोहगड खुणावीत असतो, पण त्याच दिवशीं तिसरा बेत करूं नये. जातांना उत्साहानें चढलेलीं मुलें परतीच्या गाडींत खांद्यावर घ्यावीं लागतात.

अंबरनाथचें शिवालय थोडक्यांत सांगतों, कारण तें इतकें जवळ आहे कीं त्यास पुरा दिवसहि लागत नाहीं. स्टेशनापासून मैलभराहून थोडें अधिक चालावें. देवळावरील लेखांत शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हें वर्ष आहे. शिलाहारांच्या काळचें हें बांधकाम. गाभारा जमिनीच्या पातळीखालीं असून कांहीं पायऱ्या उतरून पिंडीपाशीं जावें लागतें, आणि वर पाहिलें तर आकाश दिसतें. बाहेरच्या भिंतीवरील शिल्पें दुपारच्या उन्हापेक्षां सकाळच्या तिरप्या उन्हांत अधिक चांगलीं उठतात.

माथेरान मात्र माझ्या सिद्धान्तांत बसत नाहीं, हें कबूल केलें पाहिजे. तेथून कोठलाहि व्यापारी मार्ग गेला नाहीं. तें ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं १८५० सालीं प्रसिद्धीस आणलें. पुढें आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानें स्वतःच्या पैशानें नेरळपासून दोन फूट रुंदीचा चिमुकला लोहमार्ग घातला आणि १९०७ सालीं तो चालूं झाला. सुमारें तेरा मैल ती गाडी वळणें घेत चढते. एका दिवसांत जाऊन येण्यास ती हौशीची आहे, सोईची नाहीं. पावसाळ्यांत तर नेरळपासूनचा चढावाचा भाग बंदच असतो. वर मोटारींस मज्जाव आहे, आणि माथेरानचें खरें सुख तेंच.

आतांपर्यंत रुळांविषयीं बोललों. पण मुंबई हें बेट आहे आणि त्याच्या जुन्या वाटा पाण्यावरच्याहि आहेत. घारापुरीस जाण्यासाठीं गेटवेहून बोटी सुटतात, तासाभराचा प्रवास आहे, आणि तेथेंहि सोमवारीं लेणीं बंद. त्रिमूर्तीविषयीं आपण पुष्कळ ऐकलें आहे. पोर्तुगीजांनीं या बेटास एलेफंटा हें नांव दिलें तें किनाऱ्यावरच्या दगडी हत्तीमुळें. तो हत्ती १८१४ सालीं भंगला, आणि १८६४ सालीं त्याचे तुकडे मुंबईस आणण्यांत आले. भायखळ्यास राणीच्या बागेंत, म्हणजे आजच्या जिजामाता उद्यानांत, भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयापाशीं तो सांधलेला उभा आहे. ज्यांना बोट लागते त्यांनीं बसनें भायखळ्यास जावें. बेटाचें नांव ज्याच्यावरून पडलें तो प्राणी तेथें आहे.

पाण्याच्या वाटेविषयीं एक गंभीर गोष्ट सांगणें भाग आहे. १७ जुलै १९४७ रोजीं, आषाढाची अमावास्या तोंडावर आली असतां, सकाळीं आठच्या सुमारास 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघाली. सण घरीं करावा म्हणून निघालेले कोंकणचे चाकरमानी तींत होते. तासाभराच्या आंतच, काशाच्या खडकाजवळ, खवळलेल्या समुद्रांत ती उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. स्वातंत्र्यास एक महिना उरला होता. कुलाबा जिल्ह्यांतील कित्येक घरांत पुढें कित्येक वर्षें त्या अमावास्येस चूल पेटली ती सणाची नव्हे. अगदीं अलीकडे, १८ डिसेंबर २०२४ रोजीं, घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान नौका आदळून दहांहून अधिक जीव गेले. म्हणून बोटींत चढल्यावर तरंगण्याचें जाकीट मागून घ्यावें आणि अंगांत घालून बसावें. शेजारचे हंसले तर हंसूं द्यावें. पावसाळ्यांत मांडव्याकडच्या लहान बोटी बंद ठेवतात, तेव्हां हट्टानें दुसरी नांव शोधूं नये.

शेवटीं एका अशा वाटेविषयीं बोलतों कीं जिच्यावर रूळ गेलेच नाहींत. १८४० च्या पुढील वर्षांत मुंबईची रेल्वे आंखली जात असतां, पहिला बेत माळशेज घाटानें वर चढण्याचा होता. बर्कली यांनीं पाहणी केली आणि तो घाट नापसंत करून थळघाट व बोरघाट पुढें केले. माळशेजाच्या शेजारींच नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळीं कल्याणहून जुन्नरास जाणारा हा राजमार्ग होता; खिंडीच्या माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवितात तो दगडी रांजण अजून आहे, आणि गुहेंत सातकर्णीची राणी नागनिका हिचा प्रचंड लेख आहे. त्यांत यज्ञ आणि दक्षिणा यांचे आंकडे आहेत, आणि आपल्या देशांतील अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत त्यांची गणना होते. सोपारा खणणाऱ्या भगवानलालांनींच त्या अंकांचा अभ्यास केला. गुहेंत राजघराण्यांतील व्यक्तींच्या मूर्ति होत्या. आज त्यांचीं नांवें भिंतीवर आहेत आणि खालीं केवळ पायांच्या खुणा.

कार्ल्याइतकें, किंबहुना त्याहून अधिक, हें ठिकाण महाराष्ट्राच्या इतिहासांत मोलाचें आहे. तरी ज्या घरांत कार्लें चार वेळां पाहून झालें आहे, तेथें नाणेघाटाचें नांव परीक्षेच्या पुस्तकापलीकडे माहीत नसतें. बर्कलींची लेखणी दुसरीकडे वळली असती तर वैशाखऱ्यास स्टेशन झालें असतें, आणि चिक्कीचीं दुकानें तेथें लागलीं असतीं. तसें झालें नाहीं. आज कल्याणास लोकलगाडीनें जावें, तेथून मुरबाडवरून माळशेजाकडे जाणारी एस. टी. धरावी आणि वैशाखरें गांवाच्या पुढें, जेथें नाणेघाटाची पायवाट फुटते, तेथें उतरवून देण्यास कंडक्टरास सांगावें. चढण्यास दोन-अडीच तास लागतात, उतरण्यास थोडे कमी. वाटेंत जुन्या फरसबंदीचे दगड पायांखालीं येतात. पाणी भरपूर घ्यावें, लहान मुलांस नेऊं नये, निघण्याची वेळ कल्याणहून पहिल्या गाड्यांची धरावी. आणि बसमधून उतरतांना, डोंगराकडे पाहण्यापूर्वीं, कंडक्टरास एवढें विचारून ठेवावें कीं कल्याणकडे जाणारी शेवटची गाडी येथून किती वाजतां जाते.